वाचणाऱ्याचं वय

गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात आम्ही महालातलं जुनं घर सोडलं आणि वर्धा रोडकडच्या एका फ्लॅटमध्ये राहायला आलो. भांडीकुंडी, पलंग, कूलर, लोखंडी कपाटं यांचा निकाल एका दिवसात लागला. काय न्यायचं आणि काय भंगारवाल्याला द्यायचं, यावरून माझं आणि सौ.चं फारसं वाजलं नाही. गाडी अडली ती पुस्तकांपाशी. नव्या घरात पुस्तकांसाठी एकच कपाट आहे. "एकच हं, बाबा," असं मुलानं पुण्याहून फोनवर दोनदा बजावलं होतं. जुन्या घरात मात्र पुस्तकं कुठं नव्हती? माडीवरच्या कपाटांत होती, जिन्याखालच्या फडताळात होती, देवघराच्या कोनाड्यात होती आणि आईच्या माहेरून आलेल्या पत्र्याच्या ट्रंकेतही होती.

चार दिवस मी त्या ढिगात बसून होतो. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, खिडकीत घरघरणारा कूलर, ओल्या वाळ्याचा वास आणि मांडीवर एकेक पुस्तक. दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की, ही पुस्तकं कुणी विषयवार लावलेली नव्हती, लेखकवारही नव्हती. ती वयवार साठत गेली होती. ट्रंकेत माझं लहानपण होतं, फडताळात कॉलेजची वर्षं होती, माडीवर नोकरी आणि संसार होता, देवघरात आई होती.

आणि बाबांच्या टेबलाच्या खणात, त्यांच्या चष्म्याच्या घराखाली, एक जाडजूड पुस्तक सापडलं. उपनिषदांवरचं. मीच त्यांना आणून दिलेलं. त्यात खूण म्हणून विजेचं बिल घातलेलं होतं आणि ती खूण होती अकराव्या पानावर. त्या अकराव्या पानाची गोष्ट मला सांगायची आहे. पण त्याआधी बाकीच्या ढिगातून थोडं फिरून यायला हवं.

पुढं काय झालं?

ट्रंकेच्या तळाशी 'चांदोबा'चे अंक होते. काहींची मुखपृष्ठं गळालेली, काहींच्या कडा कसरीनं खाल्लेल्या. ज्यांचं बालपण साठ-सत्तरच्या दशकांत गेलं त्यांना 'चांदोबा' म्हणजे काय ते सांगायला नको. १९४७ साली मद्रासहून तेलुगू आणि तमीळ भाषांत सुरू झालेलं हे मासिक पुढं अनेक भाषांत निघू लागलं आणि मराठीत 'चांदोबा' या नावानं घरोघरी पोचलं. आता ते निघत नाही. पण खांद्यावर प्रेत घेऊन अंधारातून चाललेल्या विक्रमराजाचं ते चित्र आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढून जायचं नाही. दर महिन्याला वेताळ गोष्ट सांगायचा, शेवटी प्रश्न टाकायचा, राजा उत्तर द्यायला तोंड उघडायचा आणि वेताळ पुन्हा झाडावर!

नागपूरकरांच्या वाचनाचं थोडं श्रेय इथल्या उन्हालाही द्यायला हवं. मे महिन्यात सकाळी दहानंतर पोरांना घराबाहेर पडायची बंदी असे. पडायचंच झालं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. मग दुपारी करायचं काय? पत्ते किंवा पुस्तक. पत्त्यांत भांडणं होत, म्हणून घरातली मोठी माणसं पुस्तकाच्या बाजूनं असत. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीचं 'किशोर' सुरू झालं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्याच सुमारास भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हाती लागला. त्याची सायकल आणि त्याचं ते 'ट्टॉक' आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोरानं उचललं होतं.

त्या वयात पुस्तकाकडं मागणं एकच असतं, पुढं काय झालं ते सांग. वर्णन आलं की पान उलटायचं, उपदेश आला की दोन पानं उलटायची. कोण कसं लिहितो याच्याशी देणंघेणं नसतं. आठवीत गेल्यावर हीच भूक इतिहासाच्या पुस्तकाच्या आड लपली. इतिहासाचं पुस्तक मोठ्या आकाराचं आणि बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या लहान, त्यामुळं त्यांचा काळा पहाड आणि झुंजार आमच्या पाठ्यपुस्तकांत बिनबोभाट मावत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसानं महाराष्ट्रातल्या किती पोरांना वाचायची चटक लावली असेल, याची मोजदाद कोण करणार? अर्नाळकर संपले की नारायण धारप. धारप रात्री वाचायचे आणि मग पाणी प्यायलाही एकट्यानं उठायचं नाही.

दिवाळीत तर घरातल्या प्रत्येकाचं वय त्याच्या हातातल्या अंकावरून ओळखावं. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात अक्षरांचीही भर पडली. वाचनालयातून अंक आले की आई 'माहेर' उचलायची, बाबा 'मौज' घ्यायचे. मी 'धनंजय' पळवायचो. 'आवाज' मात्र बाबा आधी कपाटात टाकायचे, कारण त्यातल्या खिडक्या उघडण्याचं आमचं वय झालेलं नसे. त्या खिडक्या आम्ही कपाटाची किल्ली शोधून उघडल्या होत्या, हे आता सांगायला हरकत नाही. राशिभविष्य तेवढं सगळ्यांना चालायचं.

एकोणीस वर्षांचा पांडुरंग

जिन्याखालच्या फडताळात 'कोसला' होती. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा ते स्वतःच पंचविशीत होते. मी ती १९७८ साली वाचली. वय एकोणीस. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला, होस्टेलवर राहणारा, कशातच मन न रमणारा पांडुरंग सांगवीकर वाचला आणि मला वाटलं, हे माझ्यावरच लिहिलंय. माझ्या वर्गातल्या निदान सहा जणांना तसंच वाटत होतं. आम्ही त्या पुस्तकासारखं बोलायला लागलो. घरात कुणी काही विचारलं की खांदे उडवायला लागलो.

त्या वयात पुस्तकाकडून गोष्ट नको असते. आरसा हवा असतो, आणि त्यात आपणच दिसायला हवे असतो. त्याबरोबर एक गर्वही येतो. त्या दोन-तीन वर्षांत मी घरातल्या प्रत्येकाच्या वाचनाला नावं ठेवली. आईची पोथी म्हणजे भाबडेपणा, ताईच्या कादंबऱ्या म्हणजे रडारड. बाबा सरकारी कचेरीत हिशेबनीस होते. संध्याकाळी आरामखुर्चीत बसून ते जे काही वाचत, त्याला मी 'वेळ घालवणं' असं म्हणायचो. एकदा त्यांनी 'कोसला' उचलून दहा-बारा पानं वाचली आणि "बरं लिहिलंय. पण पोरगा बापाच्या पैशाचा हिशेब देत नाही," असं म्हणाले. मी मनात म्हटलं, यांना यापलीकडं काही दिसणारच नाही!

गेल्या मे महिन्यात त्या ढिगात बसून मी 'कोसला' पुन्हा वाचली. चाळायला म्हणून उघडली आणि दुपारभर खाली ठेवली नाही. पुस्तक तेच, प्रतही तीच, समासात माझ्याच अक्षरातली उद्गारचिन्हं. पण या वेळी पांडुरंगाच्या बोलण्यावर मी हसलो, दोन ठिकाणी वैतागलो, आणि त्याची धाकटी बहीण मनी देवीनं जाते तिथं एकोणिसाव्या वर्षीसारखाच थांबलो. आणि सगळ्या पुस्तकभर माझं लक्ष होतं त्याच्या बापाकडं. शेती सांभाळणारा, पैसे पाठवत राहणारा आणि या पोराचं काय होणार ते न कळणारा तो माणूस पहिल्या वाचनात मला दिसलाच नव्हता. म्हणजे दिसला होता, पण वाटेत आलेल्या दगडासारखा. माझा स्वतःचा मुलगा एम.ए. अर्धवट सोडून वर्षभर घरी बसला होता, त्या वर्षानं मला हा बाप वाचायला शिकवला. बाबांचं ते हिशेबाचं वाक्य त्या दुपारी आठवलं. नापास झालेल्या वर्षाची माझीही फी त्यांनी काही न बोलता दोनदा भरली होती.

आपल्याकडच्या संत्र्याला दोन बहार असतात, आंबिया आणि मृग. झाड एक, माती एक, पण दोन बहारांच्या चवीत फरक. खाणारा जाणकार असेल तर फोड तोंडात टाकताच सांगतो. एखादं पुस्तक दोनदा वाचण्यातही तसंच काही असावं.

चाळिशी

जवळचं दिसायला जो चष्मा लागतो त्याला मराठीत सरळ 'चाळिशी' म्हणतात. शब्द करणाऱ्यानं शरीर बरोबर ओळखलं होतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळच्या अक्षरासाठी हवा तेवढा आकार त्याला घेता येत नाही, आणि साधारण चाळिशीच्या आसपास माणूस वर्तमानपत्र हातभर लांब धरायला लागतो. हात पुरेनासा झाला की दुकान गाठतो.

पण चाळिशीत अक्षरंच तेवढी लांब जातात असं नाही, पुस्तकंच लांब जातात. माडीवरच्या कपाटांतलं माझं त्या वयाचं वाचन पाहून मला हसू आलं. आयकराचं मार्गदर्शक, घरबांधणीच्या कर्जाची माहिती, मधुमेह आणि आहार, मुलाचा दहावीचा अभ्यास कसा घ्यावा. मधेच कुणी भेट दिलेली, एकही पान न उघडलेली कादंबरी. दिवसाला एक वर्तमानपत्र आणि रविवारची पुरवणी एवढंच काय ते वाचन, पुरवणीही तर्री-पोहे खाता खाता. त्याबद्दल आता मला शरम वाटत नाही. घराचे हप्ते, आईबाबांची औषधं, मुलांच्या परीक्षा यांत ज्याची वर्षं जातात, त्याला लोक विचारतात, हल्ली काय वाचतोस? काय सांगणार! तो विजेचं बिल वाचत असतो.

मात्र याच वर्षांत एक वाचन घडतं, ते आपण मोजत नाही. मुलांना वाचून दाखवणं. माझा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना मी त्याला रोज रात्री 'श्यामची आई' वाचून दाखवायचो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मी लहानपणी वाचलं होतं. पोहायला घाबरून लपणाऱ्या श्यामला आई मारते, ते वाचून मला तेव्हा त्या आईचा राग आला होता. आता मोठ्यानं वाचताना माझा आवाज अडला तो त्या आईसाठी. मुलगा म्हणाला, "बाबा, थांबलात का? पुढं काय झालं?" माझ्या वयाच्या माणसाचं पुस्तक मी वाचत होतो आणि त्याच्या वयाच्या मुलाचं पुस्तक तो ऐकत होता. पानं मात्र तीच.

देवघरातलं पुस्तक

आई चौथीपर्यंत शिकलेली. तिचं एकच पुस्तक, दासगणू महाराजांचा 'श्री गजानन विजय' ग्रंथ. विदर्भात हे एकवीस अध्याय ज्या घरात नाहीत असं घर शोधावं लागेल. दर गुरुवारी ती एक अध्याय वाचायची, वर्षातून एकदा पारायण करायची. चाळीसेक वर्षं एकच पुस्तक! कॉलेजच्या दिवसांत मी तिला म्हणायचो, "आई, शेवट तर ठाऊक आहे तुला. मग पुन्हा काय वाचून राहिलीस?" ती उत्तर द्यायची नाही.

पुढं माझ्या ध्यानात आलं की, पोथी तीच असली तरी आईची थांबायची जागा बदलत गेली होती. आम्ही लहान असताना अकोलीच्या भास्कर पाटलाच्या गोष्टीपाशी ती थांबायची. भर उन्हात पाणी मागणाऱ्या महाराजांना तो पाणी नाकारतो. ते वाचून झालं की आई आम्हाला बजावायची, उन्हात दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणायचं नाही, मग तो कुणी का असेना. आमच्या ओसरीवरचा माठ त्या अध्यायामुळं कधी रिकामा राहिला नाही. बाबा गेल्यानंतर ती समाधीच्या अध्यायापाशी थांबू लागली. वाचून झाल्यावर पोथी मिटून बराच वेळ तशीच बसायची.

मी वर्षाला वीस पुस्तकं वाचत होतो तेव्हा मला वाटे, आपण पुढं चाललो आहोत आणि आई तिथंच आहे. आता वाटतं, माझ्या वीस पुस्तकांत मिळून माझं जेवढं वय वाढलं, तेवढं तिचं त्या एका पुस्तकात वाढलं असेल.

साठीनंतरची पत्रं

निवृत्तीनंतर वाचायला वेळच वेळ मिळेल असं सगळे म्हणतात. मिळतो. पण कादंबरी हातात घेतली की वाटतं, ही सगळी मनानं रचलेली माणसं, यांच्यासाठी आता एवढे डोळे शिणवायचे का? माझ्या वयाच्या बऱ्याच मित्रांचा हाच अनुभव. साठीनंतर हात चरित्रांकडं, आठवणींकडं, पत्रांकडं वळतो. कुणीतरी खरोखर जगलेलं असावं असं वाटतं.

'कुसुमानिल'चंच पाहा. नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या, पुढं १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल यांचा हा पत्रव्यवहार. पत्रं विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकातली, लग्नाआधीची. लग्न ठरायच्या सुमारास मी ती वाचली होती. वाचली कसली, त्यातून पत्रं कशी लिहावी ते शिकलो होतो! परवा पुन्हा उघडलं तेव्हा नजर पुस्तकाच्या वर्षावर गेली. पुस्तक आलं १९७२ साली. कुसुमावतीबाई १९६१ मध्ये गेल्या होत्या आणि अनिल सत्तरी ओलांडून गेले होते. म्हणजे विशीतली ही पत्रं लोकांपुढं आली तेव्हा लिहिणाऱ्यांपैकी एकच उरला होता. विशीत मी एका तरुणाची पत्रं वाचली होती. आता मला त्यामागं एक म्हातारा दिसू लागला, पन्नास वर्षं जपून ठेवलेले कागद पुन्हा उलगडून बसलेला. पुस्तकातला एक शब्दही बदललेला नाही. पण आता ते मी रात्री झोपण्याआधी थोडं थोडं वाचतो, आणि सौ. शेजारी घोरत असते त्याचं बरं वाटतं.

दीक्षाभूमीवरची पुस्तकं

आवड बदलते याचा अर्थ लहानपणीचं वाचन मागं पडतं असा कुणी घेऊ नये. याचं सगळ्यांत मोठं उदाहरण नागपूरनंच पाहिलं आहे. मुंबईत शिकणारा भीमराव नावाचा एक मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि ग्रंथकार त्याला तिथं पाहत. पुढं हा मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून त्याचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. घरात वडील रामजी सुभेदार रामायण-महाभारत वाचून घेत. त्या मुलाला पडणाऱ्या प्रश्नांत या पुस्तकानं भर घातली. त्या पुस्तकाचा आपल्या मनावर खोल परिणाम झाला, असं बाबासाहेबांनी पुढं स्वतः लिहून ठेवलं आहे.

त्यानंतर अर्थशास्त्र झालं, कायदा झाला, राज्यघटना झाली. हजारो पुस्तकं आली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ते नागपुरात दीक्षाभूमीवर उभे राहिले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर. एका शाळकरी मुलाच्या हातात पडलेलं पुस्तक कुठवर जाऊन पोचतं, ते देणाऱ्याला तरी कुठं ठाऊक असतं!

दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात. ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांनी एकदा जाऊन यावं. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं भाकरीचं गाठोडं एका हातात आणि पुस्तकांची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन परत निघतात. काही वर्षांपूर्वी एका म्हातारीनं माझ्या शेजारी उभं राहून दोन पुस्तकं घेतली, नऊवारीच्या कनवटीतून पैसे काढून. मी सहज विचारलं, "आजी, तुम्ही वाचता?" ती म्हणाली, "मले कुठं वाचता येते बापा! नातू वाचून दाखवते." वाचणाऱ्याचं वय बारा आणि ऐकणारीचं पंचाहत्तर. हे पुस्तक कुणाच्या आवडीचं म्हणायचं?

अकरावं पान

आता बाबांची गोष्ट.

२००४ च्या पावसाळ्यातली. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि बऱ्याच दिवसांनी अक्षर स्पष्ट दिसत होतं. मी कचेरीत निघालो होतो. बाबा म्हणाले, "बर्डीवरून येशील का? फुटपाथवर जुनी पुस्तकं असतात, त्यांत जुने चांदोबा मिळतात का बघ."

मी हसलो. "बाबा, या वयात चांदोबा?"

ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही, सहज."

माझ्या मनात तेव्हा वाचनाची एक शिडी होती. खालच्या पायरीवर चांदोबा, मग रहस्यकथा, मग कादंबऱ्या, वर वैचारिक ग्रंथ आणि सगळ्यांत वर उपनिषदं. माणसानं वयाप्रमाणं चढत जावं, मधेच खाली उतरणं म्हणजे म्हातारचळ. पुढच्याच आठवड्यात एका पुस्तक-प्रदर्शनातून मी त्यांच्यासाठी उपनिषदांवरचा तो मोठा ग्रंथ आणला. चांगला साडेचारशे रुपयांचा. त्यांनी तो हातात घेतला, मागंपुढं पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. टाइप मोठा आहे." चार-सहा दिवस मी त्यांना तो वाचताना पाहिलं. पुढं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जानेवारीत ते गेले.

मला इतकी वर्षं वाटत होतं की, त्यांना म्हातारपणी पुन्हा लहान व्हायचं होतं. चौथ्या दिवशी, सगळी आवराआवर होत आल्यावर, मी ट्रंकेतले ते चांदोबा उघडून पाहिले आणि माझं गणित चुकल्याचं कळलं. बाबांचा जन्म १९२६ चा. त्यांच्या लहानपणी चांदोबा कुठला? विक्रम-वेताळाच्या प्रत्येक गोष्टीत, वेताळाचा प्रश्न संपतो त्या ओळीशेजारी, समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. हिशेबनिसाचं ठसठशीत अक्षर. आधी त्यांचं स्वतःचं उत्तर, खाली तारीख. आणि राजाचं उत्तर वाचल्यावर बाजूला बरोबर किंवा चूक. एका ठिकाणी 'राजा चूक' असंही लिहिलेलं होतं. अंक माझ्या नावानं यायचा, मी दुपारी वाचून टाकून द्यायचो. आम्ही झोपल्यावर, कचेरीतून आणलेलं काम संपल्यावर, चाळिशीतला तो माणूस रात्री वेताळाशी वाद घालत बसायचा.

बाबांना स्वतःचं बालपण नको होतं. त्यांना माझं बालपण हवं होतं, घर भरलेलं असतानाचं. आणि ते अंक बर्डीवर शोधायची गरजच नव्हती. ते आमच्याच घरात, आईच्या लुगड्यांखाली, ट्रंकेत पडलेले होते. रद्दीत गेले असं त्यांना वाटत होतं. मी एकदा "कशाला हवेत, बाबा?" एवढं विचारलं असतं, तर आईनं ऐकलं असतं आणि ट्रंक उघडली असती.

आपण एकमेकांच्या ताटात काय वाढलंय ते पाहून बोलत नाही, ते असभ्यपणाचं मानतो. पण घरातल्या माणसाच्या हातातल्या पुस्तकावर मात्र पटकन बोलतो. पोराच्या हातात कॉमिक दिसलं की बोलतो, बायकोच्या हातात मासिक दिसलं की बोलतो, म्हाताऱ्याच्या हातात चांदोबा दिसला की हसतो. त्या वयात त्या पुस्तकातून त्या माणसाला काय मिळतंय, ते एक तर आपण विसरलेलो असतो, नाही तर तिथवर अजून पोचलेलो नसतो.

नव्या घरातल्या एकुलत्या एका कपाटात काय आलं ते सांगतो. 'कोसला' आली, 'कुसुमानिल' आलं, 'श्यामची आई' आली, आईची पोथी देवघरात आली. उपनिषदांचा ग्रंथही आणला. अकराव्या पानापासून पुढं वाचायला घेतलाय, अजून चाळिसाव्या पानावर आहे. बाकीची बरीचशी पुस्तकं एका वाचनालयाला दिली. चांदोबाचे अंक मात्र सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवले, लहान मुलांचा हात पोचेल असे.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. वय बारा. तिच्या बॅगेत हॅरी पॉटरचे दोन जाड ठोकळे. मी तिच्या उशाशी 'श्यामची आई' ठेवली होती. तिनं तीन-चार पानं वाचली आणि विचारलं, "आजोबा, हे वाचायलाच हवं का?" तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं आणि म्हटलं, "नको वाचूस. तुझं जे चाललंय ते वाच." तिला नवल वाटलं असावं. दोन दिवसांनी दुपारी मी पेपर वाचत पडलो होतो, तर ती खालच्या फळीसमोर फतकल मारून बसलेली. मांडीवर चांदोबा उघडा.

"आजोबा, हे पेन्सिलीनं कोणी लिहिलंय? आणि राजा चूक कसा?"

मी चाळिशी लावली आणि तिच्याशेजारी खाली बसलो.